गांजाच्या बंदिस्त लागवडीत कार्बन डायऑक्साइड वाढवताना घ्यावयाची काळजी

अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये ६४वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला बंदिस्त, कुलूपबंद जागेत गांजाची ६ रोपांपर्यंत लागवड करण्याची मुभा मिळाली. तेथील हिवाळा कडक असल्यामुळे ही लागवड बहुधा तळघरात आणि दिव्यांच्या प्रकाशात होते. त्या ओघाने पीक जोमदार यावे म्हणून खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यावसायिक हरितगृहांतील पद्धत राहत्या घरांपर्यंत पोहोचली. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार सरकारी परवानगीवाचून गांजाचे झाड लावणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील मार्गदर्शन कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणच्या लागवडीपुरते आहे. वायूसंबंधीचा भाग मात्र केळी पिकवण्याच्या किंवा अळिंबीच्या बंदिस्त खोल्यांत काम करणाऱ्यांनाही लागू पडेल, कारण तेथे हाच वायू कोणी न सोडताही साठत जातो.

प्रथम ही खटपट करावी की नाही, हे ठरवावे. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, इतका असतो. भरपूर प्रकाश, पाणी आणि खत मिळणारे रोप ८०० ते १२०० पीपीएमपर्यंतचा वायू उपयोगात आणू शकते. प्रकाश कमी असेल तर वाढवलेला वायू वाया जातो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी एक्झॉस्ट पंखा सतत चालत असेल, तर सोडलेला वायू त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणजे वातानुकूलनाने थंड ठेवलेली आणि हवा बाहेर जाऊ न देणारी खोली असेल तरच या खर्चाला अर्थ आहे, आणि नेमकी अशीच खोली आत वावरणाऱ्या माणसासाठी सर्वांत धोक्याची असते. माझ्या मते चार-सहा रोपांच्या घरगुती लागवडीत प्रकाश आणि वायुवीजन सुधारण्यावर केलेला खर्च अधिक फलदायी ठरतो. तरीही वायू वापरायचाच असेल, तर आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा.

समजा, खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे, म्हणजे तिचे आकारमान ५० घनमीटर आहे. वायूचे प्रमाण ४०० वरून १२०० पीपीएमवर नेण्यासाठी ४० लिटर, म्हणजे वजनाने जेमतेम ७२ ग्रॅम वायू पुरतो. याउलट बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५० पौंडी सिलिंडरमध्ये जवळपास २३ किलो वायू असतो आणि तो सगळा त्या खोलीत मोकळा झाला तर हवेतील त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाते. २० पौंडी लहान सिलिंडरही हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर नेऊ शकतो. गरज ग्रॅमची आणि साठा किलोंचा, ही तफावत हेच धोक्याचे मूळ आहे. अतिरिक्त साठा कोणत्याही बिघाडात खोलीत शिरू नये, या एका उद्देशाने सारी मांडणी करावी लागते.

अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची सरासरी मर्यादा ५,००० पीपीएम आहे, थोड्या वेळासाठी ३०,००० पीपीएमची मर्यादा सुचवली जाते आणि ४०,००० पीपीएम ही पातळी जिवाला तात्काळ धोकादायक मानली जाते. ३ टक्क्यांच्या, म्हणजे ३०,००० पीपीएमच्या, आसपास श्वास जलद होतो आणि डोके दुखू लागते, तर ७ ते १० टक्क्यांत काही मिनिटांत शुद्ध हरपते. हा वायू केवळ ऑक्सिजनची जागा घेतो म्हणून घातक ठरतो, असा समज सर्वत्र आढळतो; वास्तविक तो स्वतःच शरीराला बाधतो. हवेत तो ५ टक्के झाला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ टक्क्यांच्या आसपासच उतरतो आणि १९.५ टक्क्यांवर वाजण्यासाठी लावलेले ऑक्सिजन मापक गप्पच राहते. घरोघरी असणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही येथे कामाचा नाही, कारण तो निराळ्या वायूसाठी बनवलेला असतो. दिवा विझतो का हे पाहण्याची जुनी रीतही भरवशाची नाही. ज्योत तेवत असतानाच माणूस कोसळू शकतो. खास कार्बन डायऑक्साइड मोजणारा स्वतंत्र अलार्मच हवा.

सिलिंडर लागवडीच्या खोलीत ठेवूच नये. घराबाहेर सावलीत किंवा हवा खेळती असलेल्या वेगळ्या जागी तो उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधावा आणि तेथून फक्त बारीक नळी आत न्यावी. आतील वायू द्रवरूप असल्यामुळे २१ अंश सेल्सिअसला दाब सुमारे ८४० पीएसआय (दर चौरस इंचाला ८४० पौंड) असतो आणि द्रव संपेपर्यंत तो फारसा बदलत नाही. म्हणून दाबमापकावरून शिल्लक कळत नाही, सिलिंडर वजन करूनच पाहावा लागतो. ३१ अंशांच्या वर द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. दाब फार वाढला की झडपेजवळची सुरक्षा चकती फुटून सगळा साठा एकदम बाहेर पडतो. सिलिंडरला उष्णतेपासून दूर ठेवण्याचे कारण हेच. रेग्युलेटर बसवताना अमेरिकेत या वायूच्या सिलिंडरसाठी ठरलेल्या सीजीए-३२० जोडणीतला चपटा वॉशर दर वेळी तपासावा. एकदा दाबून चपटा झालेला वॉशर पुन्हा वापरला तर गळती बहुधा तेथूनच सुरू होते. पान्याने जोड घट्ट केल्यावर त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहण्याला दोन मिनिटे लागतात, आणि हे काम प्रत्येक नव्या सिलिंडरच्या वेळी करावे.

नळीवरची सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारी, झडप वीज गेली की बंद होणारी असावी. मात्र ही झडप कधीकधी उघडी अडकते, हे गृहीत धरून प्रवाह मुळातच कमी ठेवावा. वर धरलेल्या खोलीत मिनिटाला १० लिटर सोडले तर हवी ती पातळी ४ मिनिटांत गाठता येते, पण झडप अडकल्यास जेमतेम २३ मिनिटांत ५,००० पीपीएम होतात. मिनिटाला १ लिटर सोडले तर पातळी गाठायला ४० मिनिटे लागतील, पण बिघाड लक्षात येण्यासाठी जवळपास चार तास हाती राहतील. रोपांना घाई नसते. रात्री रोपे हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात. म्हणून यंत्रणा दिव्यांच्या वेळेशी जोडावी आणि एक्झॉस्ट सुरू होताच वायू आपोआप थांबेल अशी व्यवस्था करावी.

प्रोपेन जाळून वायू तयार करणारी बर्नर यंत्रेही मिळतात. १ किलो प्रोपेनपासून ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, शिवाय उष्णता वेगळीच. ज्वलन अपुरे झाले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि पिकाला अपायकारक इथिलीन हे दोन्ही तयार होतात. राहत्या घराच्या तळघरात उघड्या ज्योतीचे यंत्र लावणे मला समर्थनीय वाटत नाही. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भांड्यात ठेवून देण्याच्या युक्तीतही वायूच्या वेगावर नियंत्रण राहत नाही, म्हणून तीही टाळावी.

मापकांच्या बाबतीत दोन बारकावे सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक मापक अवरक्त किरणांवर चालतात आणि त्यांतील अनेक मापक गेल्या काही दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ४०० पीपीएमची हवा, असे धरून स्वतःला आपोआप जुळवून घेतात. वायू वाढवलेल्या खोलीत पातळी ४०० वर कधी येतच नाही. परिणामी मापक ७०० ला ४०० समजू लागतो, वायू कमी असल्याचे दाखवतो आणि नियंत्रक आणखी वायू सोडतो. ही स्वयंचलित सोय बंद करावी आणि मापक मोकळ्या हवेत नेऊन ठरावीक काळाने हाताने जुळवावा. दुसरे म्हणजे कोलोराडोची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हवेचा दाब कमी आहे आणि उंचीची नोंद न दिलेला मापक सुमारे एक षष्ठांशाने कमी आकडा दाखवतो.

नियंत्रकाचा मापक रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर आणि नळीच्या तोंडापासून दूर लावावा. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो, म्हणून कोणी जवळ उभे राहिले तर आकडा चढलेला दिसणे साहजिक आहे. सुरक्षेचा अलार्म मात्र वेगळा असावा. वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे गळती झाल्यास तो आधी जमिनीलगत साठतो, त्यामुळे हा अलार्म खालच्या बाजूला लावावा. शेजारच्या झोपण्याच्या खोलीतही एक लावावा, कारण दाराखालच्या फटीतून वायू सहज सरकतो. ५,००० पीपीएमला वायू बंद होऊन एक्झॉस्ट सुरू झाला पाहिजे आणि आकडा दाराबाहेरच्या पडद्यावर दिसला पाहिजे. व्यावसायिक लागवडीसाठी डेन्व्हरचे अग्निशमन खाते अशा यंत्रणांना परवाना बंधनकारक करते. घरगुती मांडणीचा आराखडाही परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.

खोलीत जाण्यापूर्वी वायू बंद करून एक्झॉस्ट चालवावा आणि बाहेरचा आकडा पाहूनच दार उघडावे. खाली वाकून करायचे काम असेल तर घरातील दुसऱ्या व्यक्तीला सांगून जावे. डोके जड वाटणे किंवा धाप लागणे ही थकव्याची लक्षणे समजून काम रेटू नये.

आत कोणी कोसळलेले दिसले तर सोडवण्यासाठी आत धावू नये. आपल्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या एकामागोमाग त्याला काढायला गेलेला दुसरा आणि तिसराही दगावतो, तीच गत येथे होते. नाकावर बांधलेला रुमाल किंवा गाळणीचा मास्क हा वायू अडवत नाही. स्वतंत्र हवेचा पुरवठा असलेल्या उपकरणाशिवाय आत जाता येत नाही. बाहेरूनच सिलिंडरची झडप बंद करावी, एक्झॉस्ट पूर्ण वेगाने चालवावा, ९११ या अमेरिकेतील आपत्कालीन क्रमांकावर कळवताना कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख स्पष्टपणे करावा आणि येणाऱ्या पथकाला सिलिंडरची जागा दाखवावी. त्यासाठी झडप आणि पंख्याचे बटण दोन्ही खोलीबाहेर, हाताला लागतील अशी, आधीपासूनच बसवलेली असली पाहिजेत.