अकेशियाला कमकुवत ठरवण्याआधी या चुका टाळा

दर वर्षी कुठला तरी नवा गट उभा राहतो. दोन प्राध्यापक, पाच विद्यार्थी, एक डिझायनर. अकेशिया, काजू, माड, रबर, म्हणजे सागवान मिळत असताना ज्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही, त्या लाकडाचं काहीतरी करायचं म्हणतात. हेतू चांगला असतो, चुका मात्र त्याच.

सगळ्यांत जुनी चूक म्हणजे 'वाळलंय' या शब्दावर विश्वास. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून ऑस्ट्रेलियन अकेशियाचे ओंडके आम्ही जुलैत आणले, फळ्या पाडल्या, पंधरा दिवस पंख्याखाली ठेवल्या आणि नमुने वाकवून तोडले. मेस्ताने, म्हणजे आमच्या सुताराने, फळीला हात लावून सांगितलं होतं, "हें लांकूड ओलें आसा." कोणी ऐकलं नाही. मीही नाही. आकडे पडेल आले आणि अहवालात 'अकेशिया कमकुवत' असं छापलं गेलं. नंतर ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तुकडे सुकवले, तेव्हा कळलं की ओलावा 41 टक्के होता. लाकडाची ताकद चढू लागते ती ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरल्यावर, आणि तुलना करतात 12 टक्क्यांवर. त्याच ओंडक्यांच्या उरलेल्या फळ्या मार्चमध्ये तोडल्या, तर निकाल पार वेगळा. पण पहिला अहवाल तोवर गावभर फिरला होता. एक फर्निचरवाला अजून मला तोच दाखवतो.

तेव्हापासून जून ते ऑक्टोबर मी तोडायच्या चाचण्या घेतच नाही. हवेत 85 टक्के दमटपणा असला की छपराखालच्या फळीचा ओलावा सतरा-अठरा टक्क्यांच्या खाली येत नाही, कितीही पंखे लावा. घाई असणाऱ्यांनी मायक्रोवेव्हचा प्रयोग करून बघावा. फळी आतून फुटते, वरून साळसूद दिसते.

आणि हो, ओलाव्याची टक्केवारी काढताना भागायचं कोरड्या वजनाने. 150 ग्रॅमचा तुकडा सुकून 100 झाला तर ओलावा 50 टक्के, 33 नव्हे. एम.एस्सी. झालेली मुलंही इथे घसरतात.

दुसरी खोड नावांची. माट्टी आणि किंदळ ही झाडं एकाच कुळातली, पण लाकूड वेगळं. लाकडाच्या गिरणीत दोन्हींची रास एकत्र पडली आणि नमुन्यांवर खडूने नंबर घातलेले असले, की पहिल्या सरीत संशोधन वाहून जातं. मी उभ्या झाडाचं पान, फूल आणि साल आधी घेते आणि ओंडक्याच्या टोकाला ॲल्युमिनियमची पट्टी ठोकते. पोरं हसतात. हसू देत.

बाकीच्या किरकोळ. माडाचा नमुना नेहमी एकाच जागचा नको, कारण बाहेरचा भाग टणक आणि मधला भुसभुशीत असतो. रबराच्या फळ्या पाडल्याच्या दिवशीच बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवा, नाहीतर निळे डाग आणि भुंगा ठरलेलाच. पण ते पावसात धुऊन जातं, म्हणून त्याचा बाक अंगणात ठेवू नका. झाड स्वतःच्या बागेतलं असलं तरी गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायची परवानगी आधी विचारा.

मेस्ताला शेवटी, फोटोपुरतं स्टूल करायला बोलावतात, याची मला खरी चीड आहे. त्याला पहिल्या दिवशी बोलवा, दिवसाची मजुरी देऊन. आमच्या मेस्ताने गिरणीत उतरताच दोन ओंडके बाजूला सारले होते. का, ते आम्ही विचारलं नाही. दोन्ही मधोमध फाटले.