बैठ्या घराचा नकाशा: गोव्यात या चुका टाळा

नकाशा करायला बसलं की पहिला प्रश्न येतो, 'बेडरूम किती?' गोव्यात पहिला प्रश्न पावसाचा असायला हवा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही वाऱ्यासोबत पश्चिम-नैऋत्येकडून आडवा. बैठ्या घरात कुठल्याच खोलीला वरच्या मजल्याचा आडोसा नसतो. ऊन असो की पाऊस, प्रत्येक खोलीच्या डोक्यावर थेट छप्परच.

म्हणून पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पावसाळ्यात झड आत येते, भिंतीला ओल धरते आणि मे महिन्यात दुपारनंतर तीच खोली तापते. त्या बाजूला पडवी किंवा सोपा घ्या, पण चार फुटांचा नको. खुर्ची ठेवली की तिच्यावर पागोळ्या. निदान सहा-सात फूट रुंदी द्या. घर बांधून झालं असेल तर खिडक्यांवर अडीच-तीन फूट बाहेर येणारं कौलारू छप्पर बसवून घ्या, बराच फरक पडतो.

स्वयंपाकघराचंही तसंच. दुपारी समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येतो. चूल त्या टोकाला असेल तर बांगडे तळल्याचा वास आणि फोडणीचा ठसका थेट झोपायच्या खोल्यांपर्यंत जातो. जुन्या लोकांनी स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवायला सांगितलं, ते इथल्या वाऱ्याशीही जुळतं. आता जागा बदलता येत नसेल तर एक्झॉस्ट फॅन पश्चिमेच्या भिंतीत बसवू नका, वारा त्याला उलटा ढकलतो. मागच्या दाराशी मासे साफ करायला, नारळ सोलायला आणि पावसात कपडे वाळत घालायला छपराखालची जागा हवीच. ती नकाशात नसली की पुढचे चार महिने हॉलमध्ये दोऱ्या लागतात.

घराला फार कोपरे काढू नका. कागदावर ते देखणं दिसतं, पण भिंत आत वळली की तिथे छपराचे दोन उतार एकमेकांना मिळतात आणि दोन्हीकडचं पाणी एकाच पन्हळीत उतरतं. जवळ आंबा-फणस असेल तर पानं साचतात, पाणी तुंबतं आणि गळती तिथूनच सुरू होते. साधा चौकोन, फार तर एक वळण, पुरे.

आता खोल्यांची मापं. नकाशात '१० बाय १०' लिहिलेलं असतं, पण ते बऱ्याचदा भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. नऊ इंची भिंत आणि गिलावा वजा केला की हातात राहतात जेमतेम सव्वानऊ फूट. साडेसहा फुटांची खाट, समोर दोन फूट खोलीचं कपाट. मध्ये उरतात जेमतेम आठ-नऊ इंच. कपाटाचं दार उघडायचं तर खाटेवर बसून. आतलं मोकळं माप लिहून घ्या आणि त्यावर खाट, कपाट, दाराचा फेर प्रमाणात आखून बघा.

एक गोष्ट मात्र माझ्या जीवाभावाची: चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. नकाशावर 'पूजा' म्हणून तीन बाय तीनचा कोनाडा दाखवतात, त्यात रोजची पूजा होईल, गणपती नाही बसणार. वर माटोळीही हवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची चौकट. आजी विचारते, "अरे, माटोळी बांधणार कुठे?" आणि तेव्हा स्लॅब भरून झालेला असतो. हॉलच्या ज्या भिंतीशी गणपती बसेल ती आधी ठरवा, समोर आरती-भजनाला माणसं बसतील इतकी जागा सोडा आणि माटोळीसाठी लोखंडी कड्या स्लॅब भरतानाच सोडायला सांगा. नारळ, सुपाऱ्या, फळांचे घड यांचं वजन बरंच असतं; नंतर ड्रिल मारून बसवलेल्या कडीवर विसंबू नये.

बैठं घर घेण्याचं मोठं कारण म्हणजे म्हातारपणी जिना नको. मग न्हाणीचं दार अडीच फुटांचं का? चौकट वजा जाता त्यातून व्हीलचेअर जेमतेम, कधी जातही नाही. तीन फूट घ्या. जोतं दोन फूट उंच असेल तर सोयीच्या उतारासाठी, एकास बारा या प्रमाणात, २४ फूट लांबी लागते. तेवढी जागा अंगणात आत्ताच राखून ठेवा, नंतर तिथे तुळशीवृंदावन किंवा गाडी येऊन बसते.

कागदपत्रांचं थोडक्यात: जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आणि हद्दीपासून सोडायचं अंतर कळल्याशिवाय खोल्यांची स्वप्नं रंगवू नका. पाया खणण्याआधी सगळं घर चुन्याने जमिनीवर आखून त्यातून चालून बघा. त्याच वेळी सेप्टिक टँकही आखा आणि तुमच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या विहिरीपासूनही टेप लावून मोजा. निदान १५ मीटर अंतर हवं, कारण आपली चिऱ्याची जमीन सच्छिद्र आहे आणि पाणी तिच्यातून सहज झिरपतं.