पारावरची पुस्तकपेटी

एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर केळापूर तालुक्यातल्या माझ्या गावी दिवस जाता जाईना, म्हणून पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरून पोरांना वाचायला शिकवायला मारुतीच्या पारावर बसायला लागलो. त्याला सहा वर्षं झाली. आसपासच्या गावांतले लोक आता विचारतात, "आबाजी, आमच्या गावातबी कराचं हाये, कसं करू?" त्यांना सांगतो तेच इथं लिहितो.

आधी वेळ. गाडी वेळेवर लागली नाही की प्रवासी काळीपिवळीत जाऊन बसतो, पोट्ट्यांचंही तसंच. आठवड्यातून तीनच दिवस बसा, पण साडेपाच म्हणजे साडेपाच. साडेसहाला मी पेटी बंद करतो. पुढं सामुदायिक प्रार्थनेला माणसं जमतात, आणि अंधारात विंचूकाट्याचं भ्या असतं. मे महिन्यात पार संध्याकाळीसुद्धा तव्यासारखा तापलेला असतो, तेव्हा सकाळी सातला बसायचं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळं सुटीतच पोरं जास्त हाती लागतात.

हेडमास्तरांना पहिल्याच आठवड्यात भेटा. त्यांचं काम तुम्ही करायला आलात असं वाटू देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पाच मिनिटं मागून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे मायबापांशी एका जागी बोलणं होतं. आणि बसायचं ते उघड्यावर, चार माणसांच्या नजरेसमोर. एकट्यानं पोरांना घेऊन खोलीत बसू नका. आमच्या पारासमोर राहणारी एक काकू तूर निवडत ओट्यावर बसते, तेवढं पुरतं.

आता माझी चूक. पहिला महिनाभर मी बाराखडी घोकून घेतली. अकरा पोरं यायची, दोन उरली. चौथीतली एक पोरगी म्हणाली, "हे तं शाळेतबी असते, आबाजी." मग पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, गाडीच्या बोर्डासारख्या. एक पोरगं बोर्ड धरून उभं राहणार, बाकीचे प्रवासी. गावाचं नाव वाचलं तरच चढायला मिळणार. वणीला वेलांटी, पुसदला उकार, घाटंजीला अनुस्वार, आर्णीला रफार, दिग्रसला जोडाक्षर. यवतमाळ जिल्ह्यानं सगळं व्याकरण आधीच मांडून ठेवलंय! तुमच्या तालुक्यातली नावं घ्या. मामाच्या गावाची पाटी पोरगं कधीच चुकत नाही.

कोण कुठवर वाचतं ते मात्र कळलं पाहिजे. गावोगावच्या पोरांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५ पासून वापरतात तीच रीत मी धरली: अक्षरं, सुटे शब्द, सोपा उतारा, मग गोष्ट. पोरगं जिथं अडलं तिथून पुढं घ्यायचं, इयत्ता विचारायची नाही. सातवीतला पोरगा शब्दांवर अडतो, हे नेहमीचंच आहे. त्याला सगळ्यांसमोर लहानांचं पुस्तक देऊ नका. त्याला म्हणावं, "या बारक्यांना वाचून दाखव, माझा चष्मा घरी राहिला." तो घरी नेऊन दोनदा वाचून येतो. माझा चष्मा बऱ्याचदा घरी राहतो.

तुम्ही वाचून दाखवताना घाई करू नका. मुखपृष्ठ दाखवा, काय दिसतंय ते बोलू द्या. शब्दांखालून बोट फिरवा. पान उलटण्याआधी थांबा, पुढं काय होईल ते पोरं सांगतात. शेवटी "यातून काय शिकलात?" हे विचारू नका. मी विचारायचो तेव्हा सगळे एकसुरात "खोटं बोलू नये" म्हणायचे. गोष्ट माकडाची असली तरी.

जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची पोरं येतात, त्यांच्या घरात कोलामी बोलतात. मी मराठीत वाचतो, मग त्यांच्यातली एक मोठी पोरगी तीच गोष्ट कोलामीत सांगते. इतर पोरं हसली तर पहिल्याच दिवशी दम भरा. तांड्यावरच्या पोरांसाठीही हेच.

पुस्तकांना फार पैसे लागत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं स्वस्त असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी उतरवून छापता येतात. गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारमान्य छोटं वाचनालय असलं तर तिथंही विचारा, कपाटात कोरी पुस्तकं पडून असतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारी येतात, तेव्हा बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली म्हणून मी पातळसं गोष्टीचं पुस्तक देतो. दहा रुपयांची आशा धरलेलं एखादं तोंड वाकडं करतं. करू द्या.

पुस्तक घरी न्यायला द्याच. वहीत नाव आणि तारीख पुरे, दंड लावू नका. साठातली नऊ गेली, काही फाटून आली. एक शेळीनं खाल्लं. पोरगं ते उरलेलं अर्धं घेऊन रडत आलं, तेव्हा त्याची समजूत घालण्यातच तास गेला.

कापूस फुटला, वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, की पारावर तीन-चारच पोरं दिसतील. पोरं माय-बापासोबत वावरात जातात, बोंडांनी बोटं खरचटून येतात. अशा वेळी रागावून वर्ग बंद करू नका. मी त्या दिवसांत साडेसहा ते साडेसात बसतो, चार्जिंगचा दिवा नेतो, प्रार्थनेवाल्यांना सांगून बाजूच्या ओट्यावर सरकतो, आणि दमलेल्यांना फक्त वाचून दाखवतो. एखादं तिथंच झोपतं. त्याला उठवून घरी पोचवायचं.

पेटी जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. पावसाळ्यात वाळवी बुडातून चढते. तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि दर पंधरा दिवसांनी बदला.