आधी डबे, मग फोन

आमच्या गल्लीत कुणी नवा फोन घेतला की ती बाई माझ्याकडं येते. "अक्का, ह्याच्यात पैसे कसे घालायचे?" बचत गटाची वही अकरा वर्षं माझ्याकडं आहे, म्हणून मला सगळं येतं असा समज. मी तिला आधी विचारते, घरात पैशाचे डबे किती आहेत?

मी बिड्या वळते, आमचे हे टॉवेलच्या मागावर असतात. माझा पगार खात्यात पडतो, ह्यांचा आठवडा रोखीनं हातात येतो. तो आला की त्याच संध्याकाळी, चहाच्या आधी, त्याचे तीन वाटे पाडायचे, पहिले दोन वेगवेगळ्या डब्यांत. पहिला ज्वारी, तेल, गॅस, विजेचा. दुसरा ठरलेल्या तारखेच्या खर्चाचा. जूनमध्ये वह्या-पुस्तकं लागणार आणि जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत पोरं पाळण्यात बसणारच, त्यात अचानक काय आलं? आठवड्याला 50 रुपये बाजूला पडले तर वीस आठवड्यांत 1,000 होतात. तिसरा वाटा दुखण्याचा. तो घरात ठेवायचाच नाही, पोस्टाच्या खात्यात टाकायचा. डब्याचं झाकण कुणीही उघडतं. पोस्टात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाच्या बिड्या बुडतात, त्यामुळं आपण उगीच काढायला जात नाही.

आता कर्जाचं. पावसाळ्यात बिडी नीट वाळत नाही, कारखान्यातला चेकर जास्त बिड्या नापास करून बाजूला काढतो आणि हात पसरायची वेळ येते. तेव्हा व्याज शेकड्यावर नाही, रुपयांत बोलून घ्या. सावकाराकडून शेकडा दहानं 5,000 घेतले तर महिन्याला 500 नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. आमच्या गटात शेकडा दोन, म्हणजे पहिल्या महिन्याला 100, आणि तेही गटातच राहतं. भिशी मला आवडते, पण बारा जणींची 500 ची भिशी असेल आणि तुमचा नंबर शेवटचा असेल तर वर्षभर तुम्ही दुसरीला बिनव्याजी पैसे देताय हे धरून चाला. बिनतारण छोटं कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्याचा हप्ता घेण्याआधी घरातले सगळे हप्ते एका कागदावर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानं असं कर्ज देताना सगळे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, हेही त्यातच आहे. मी हे एकाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, वाचता येतं मला.

डबे लागले की मग फोन. बँकेत दिलेला नंबर तुमचाच हवा. पोराचा नंबर दिला तर मेसेज पोराला जातात आणि पोरगं पुण्याला. यूपीआय सुरू करायला एटीएम कार्ड लागतं, बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवरही होतं. बटणाचा फोन असला तरी अडत नाही, *99# लावून पैसे पाठवता येतात. केनियात तर 2007 पासून बायामाणसं अशाच साध्या फोनवर एम-पेसा चालवतात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रोख दिली की ती फोनात भरून मिळते. आपल्या यूपीआयमध्ये पैसा सहसा थेट बँकेच्या खात्यातून जातो. म्हणून माझी एक अट असते: फोनला जोडलेलं खातं वेगळं, साठवणीचं वेगळं. फोनच्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरतंच ठेवायचं. नव्या माणसाला आधी 1 रुपया पाठवा, पडला का विचारा, मग बाकीचे. आणि रोज रात्री वहीत उतरवा. नोट सुटली की हाताला कळतं, फोनमधले 20-20 रुपये कधी गेले ते कळतच नाही.

लाडक्या बहिणीचे 1,500 आले नाहीत म्हणून बाया रडत येतात. ते फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पडतात असं नाही, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात. दोन-तीन खाती असतील तर बँकेत जाऊन कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारा. मे महिन्याच्या शेवटी खात्यात थोडे पैसे राहू द्या. जीवन ज्योती आणि सुरक्षा हे सरकारी विमे घेतले असतील तर त्यांचे वर्षाचे 436 आणि 20 रुपये तेव्हा कापले जातात.

अंगठ्याचं मात्र नीट ऐका. बिडीचं पान दुमडून दुमडून आमच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. एकदा मी एका सेवा केंद्रात आधारवर अंगठा लावून खात्यातले 1,000 काढायला गेले. अंगठा ठेवला. "उठला नाही, परत ठेवा." परत ठेवला. "हां, आता आला." पैसे घेऊन घरी आले. महिन्यानं पासबुक भरून आणलं तर त्याच तारखेला 1,000 दोनदा गेलेले. पावती मी मागितलीच नव्हती, तोंडानं काय सांगणार? तेव्हापासून अंगठा उठो न उठो, दर वेळेला छापील पावती घेते. जायच्या आधी साबणानं तंबाखूचा चिकटा काढते. अंगठा नाही उठला तर दुसरं बोट लावा, आधारला दहाही बोटं दिलेली असतात. आधारच्या ॲपमध्ये बोटांना कुलूप घालता येतं, लागेल तेव्हाच उघडायचं. मी तर आता एटीएम कार्डच वापरते.

आणि पिन. शेजारची सून कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. एकाचा फोन आला, शंभर भाकरी पाहिजेत, ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडच्या चौकटीचा फोटो पाठवला, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. तिनं टाकला आणि 2,400 गेले. पैसे यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो. ती लाजेनं दोन दिवस गप्प बसली, तिथंच चुकलं. फसलं की त्याच मिनिटाला 1930 हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावायचा आणि बँकेला कळवायचं, सासूची बोलणी नंतर खायची. तिच्या पहिल्या डब्याच्या झाकणाला आतून मी नेलपॉलिशनं 1930 लिहून दिलाय. पैसे काढायला उघडलं की दिसतो.