ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवाला जाताना

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधील लुईस या गावाजवळ, जॉन क्रिस्टी आणि त्यांच्या गायिका पत्नी ऑड्री मिल्डमे यांनी 1934 मध्ये आपल्या वाड्याच्या आवारात सुरू केलेला हा महोत्सव मे ते ऑगस्ट या काळात भरतो. तिकीटविक्रीत सभासदांना प्राधान्य असते, त्यामुळे सर्वसाधारण विक्री कधी खुली होते याकडे आधीपासून लक्ष ठेवावे. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून लुईसपर्यंत थेट रेल्वे आहे आणि पुढे महोत्सवाची बस मिळते.

प्रयोग बहुधा दुपारी उशिरा सुरू होतो, पण त्याच्या बरेच आधी पोहोचावे, कारण मध्यंतर सुमारे 90 मिनिटांचे असते आणि त्या वेळच्या जेवणासाठी तळ्याकाठची किंवा बागेतील जागा लोक आधीच सतरंजी अंथरून धरून ठेवतात. शिदोरी गार खाता येईल अशीच न्यावी. कुंपणाऐवजी खणलेल्या चरापलीकडे मेंढ्या चरत असतात, आणि त्यांच्याकडे पाहत निवांत जेवण्यात या संध्याकाळचा अर्धा आनंद आहे, असे मला मनापासून वाटते.

औपचारिक पोशाखाची प्रथा आहे, सक्ती नाही; मात्र टोकदार टाचांची पादत्राणे हिरवळीत रुततात, म्हणून सपाट तळव्यांची घालावीत, आणि ऊन कितीही असले तरी शाल व छत्री जवळ असावी. उशिरा येणाऱ्याला प्रयोग चालू असताना आसनावर जाता येत नाही. कथानक मात्र आधी वाचून जावे; रंगमंचावर इंग्रजी उपशीर्षके दिसत असली, तरी आधी वाचलेले असले की नजर गायकांवर राहते.