फूटी समजून घ्यायची तर जिम स्टाइन्सपासून सुरुवात करा

मेलबर्नला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं हमखास विचारतात, ही फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, कळायची कशी? हिवाळ्यात सोमवारी ऑफिसात दुसरा विषयच नसतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी नियम पाठ करायला सांगत नाही. जिम स्टाइन्सची कारकीर्द बघा म्हणतो, कारण त्यालाही हा खेळ इथे येऊनच शिकावा लागला होता.

डब्लिनच्या या 18 वर्षांच्या पोराला मेलबर्न क्लबनं 1984 मध्ये आणलं. तो खेळायचा गेलिक फुटबॉल, आयर्लंडचा देशी खेळ. तिथला चेंडू गोल, इथला लांबट; टप्पा पडून कुठे उडेल याचा नेम नाही. मैदान क्रिकेटचं, एका संघात 18 जण. चेंडू फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. घेऊन पळायचं तर दर 15 मीटरला टप्पा पाडायचा. मधल्या दोन उंच खांबांतून किक गेली की 6 गुण, बाजूच्या खांबाच्या आतून गेली तर 1. पहिल्या मॅचपुरतं एवढं बस्स.

बाकीचं अंगात मुरायला वेळ लागतो, आणि त्याची किंमत त्यानं फार जाहीरपणे मोजली. 1987 ची प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे उपांत्य सामना, समोर हॉथॉर्न. मेलबर्न 1964 नंतर प्रथमच बाद फेरीत आलं होतं आणि जिंकतही होतं. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोल लांब होता. फ्री किक घेणारा आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला खेळाडू यांच्यामधून धावायचं नसतं. स्टाइन्स धावला. 15 मीटरचा दंड झाला, बकेनारा पुढे सरकला, सामना संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर त्यानं गोल मारला. मेलबर्न 2 गुणांनी हरलं. (पुढच्याच वर्षी हा दंड 50 मीटरचा झाला. आजही मॅचमध्ये लोक 'फिफ्टी!' म्हणून ओरडतात, ते हेच.)

लोक हा किस्सा रंगवून सांगतात. मला पुढचं जास्त मोलाचं वाटतं. रकमन म्हणजे चेंडू वर उडाल्यावर उडी मारून तो आपल्या माणसांकडे ढकलणारा उंच गडी. स्टाइन्स 199 सेंटीमीटर उंच, पण आयर्लंडमधला दम घेऊन आलेला. उडी मारून झाली की तो मिडफिल्डरसारखा मैदानभर पळायचा. 1991 मध्ये त्याला ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालं. सलग 244 सामने खेळण्याचा त्याचा विक्रम 2025 पर्यंत कुणी मोडला नव्हता. विजेतेपद मात्र नशिबात नव्हतं. 1988 च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्ननंच 96 गुणांनी धुतलं.

1994 मध्ये त्यानं तरुणांसाठी 'रीच' संस्था उभी केली, 2008 मध्ये कर्जात बुडालेल्या क्लबचं अध्यक्षपद घेतलं. 2012 मध्ये, 45 व्या वर्षी, कॅन्सरनं गेला. एमसीजीबाहेर त्याचा पुतळा आहे.

मेलबर्नची मॅच बघायला गेलात तर सुरुवातीला चेंडूमागे डोळे पळवू नका. मॅक्स गॉनवर नजर ठेवा, तोही रकमन. उडी मारल्यावर तो कुठे जातो ते बघा, खेळ आपोआप उलगडत जाईल.