काजूगराची जबाबदार खरेदी: कंपन्यांनी या चुका टाळाव्यात

काजूगर विकत घेऊन स्वतःच्या नावाने पाकिटे भरणाऱ्या गोव्यातील कंपनीची पुरवठा साखळी कागदावर छोटी दिसते. सत्तरी, डिचोली, सांगे किंवा काणकोणचा बागायतदार, मग कारखाना, मग आपण. प्रत्यक्षात मध्ये व्यापारी असतो आणि कारखान्यात आफ्रिकेतून आलेली बीही असते. आयात बी वापरण्यात गैर काहीच नाही. ती 'गोव्याचा काजू' म्हणून विकणे मात्र ग्राहकाची आणि इथल्या बागायतदाराची फसवणूक आहे. 2023 मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येते) मिळाल्यापासून तर याबाबत हयगय चालणारच नाही.

हमीपत्र घेऊन फाइल बंद करणे
सगळ्यात मोठी चूक हीच. हमीपत्र हवे तर घ्या, पण वजन जुळवा. एक किलो काजूगराला साधारण चार ते साडेचार किलो वाळलेली बी लागते. म्हणजे 12 टन 'गोव्याच्या' गरांसाठी 48 ते 54 टन स्थानिक बी हवी. खरेदीच्या पावत्या 30 टनांच्याच असतील तर त्यातून जेमतेम साडेसहा ते साडेसात टन गर निघतात. उरलेला माल कुठला, हे विचारायलाच हवे. पावतीवर गाव, तारीख, वजन आणि बी ओली होती की वाळलेली, हे लिहिलेले असावे. ओल्या बीचे वजन धरले की आकडा उगाच फुगतो. टरफले विकल्याची बिलेही मागवा. बीच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश टरफल असते, त्यामुळे कारखान्याने एकूण किती बी फोडली याचा अंदाज त्यावरून येतो. टरफले विकली नसतील तर ती कुठे जाळली, हेही बघा. त्यांचा धूर फार त्रासदायक असतो.

पैसे उशिरा देणे
बीचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे. कारखान्याला बरीचशी बी तेव्हाच भरून ठेवावी लागते. बिल तीन-तीन महिने अडकले की तो स्वस्त बी शोधतो, नाहीतर मजुरी थकवतो. मग दोष फक्त त्याचा कसा? नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे देणे 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हंगामाआधी थोडी उचल दिली तर दोघांचेही भले होते.

फक्त ऑफिसात बसून तपासणी करणे
गर सोलणाऱ्या बायकांना अनेकदा किलोवर मजुरी मिळते. आठ तासांत सरासरी किती किलो सोलून होते ते जागेवर मोजा, दराने गुणा आणि किमान वेतनाशी ताडा. तुकडा पडल्यास पैसे कापतात का, हे मालकासमोर नव्हे, बाजूला विचारा. बी फोडणाऱ्यांचे हात पाहा. टरफलाच्या तेलाने कातडी भाजून काळी पडते. तसे हात दिसले तर हातमोजे कपाटात पडून आहेत असे समजा.

पावसाळ्यात माल बिघडू देणे
गरातील ओलावा 5 टक्क्यांपर्यंतच ठेवा, पेट्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावा. खराब होऊन परत गेलेला प्रत्येक किलो म्हणजे चार किलो बी वाया.

आकडे जुळले नाहीत की लगेच पुरवठादार बदलणे
नवा पुरवठादारही त्याच बाजारातून माल आणणार. त्यापेक्षा स्थानिक आणि आयात बीच्या गोण्यांना वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावायला सांगा आणि भाजण्यापासून पॅकिंगपर्यंत लॉट वेगळे ठेवायला लावा. संशयित लॉटवरून 'गोवा' हा शब्द आजच काढा. पुढच्या महिन्यात वजने पुन्हा जुळवा. तरीही फरक राहिला आणि त्याचा हिशेब मिळाला नाही, तरच ऑर्डर थांबवा.